सड्यावरची बी फ्लाय नवी आहे का, हे कसं ठरवावं

गणपती गेले की सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, ऊन पडायला लागतं. कातळावर गेंद आणि सीतेची आसवे अजून फुललेली असतात. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास चिऱ्यांच्या जुन्या गडग्यापाशी उभे राहा. एखादी केसाळ माशी भोकासमोर हवेत एका जागी तरंगते, उदराचं टोक झटकते आणि पुढच्या भोकाकडे सरकते. आत कुंभारीण माशीचं किंवा एकट्याने राहणाऱ्या एखाद्या मधमाशीचं घर असतं, आणि ही मादी त्यात अंडी उडवत असते. अंड्यातून निघालेली अळी आत शिरून यजमानाच्या पिल्लावर वाढते. ही बी फ्लाय, बॉम्बिलिडी कुलातली. जगात या कुलातल्या सुमारे ५,००० जातींना नावं मिळाली आहेत. आपल्या सड्यांवर आणि पुळणींवर (समुद्रकाठच्या वाळूवर) त्यांच्याकडे बारकाईने पाहणारी माणसं मात्र मोजकीच आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

पहिली खात्री: ही खरंच माशी आहे ना? मधमाशीला चार पंख असतात, हिला दोन. मागच्या पंखांच्या जागी गाठीसारख्या टोकाच्या दोन बारीक दांड्या असतात. शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) आखूड, डोळे मोठे, पाय काडीसारखे आणि डंख नाही. बसल्यावर ती पंख बहुधा तिरके पसरून ठेवते. काहींची लांब सोंड कायम पुढे ताठ असते आणि ती आत ओढून घेता येत नाही. पण सोंड आखूड दिसली म्हणून लगेच बाद करू नका, कुलातल्या कितीतरी माश्यांची सोंड आखूडच असते.

माशी हातात येण्याआधी वही उघडा. कुठल्या फुलावर होती, कुठल्या भोकाशी घुटमळत होती, वाळूत उदर टेकवून बसली होती का, हे लिहा. बऱ्याच माद्या उदराच्या टोकाशी असलेल्या पोकळीत वाळू भरून घेतात आणि अंड्यांना तिचा लेप देतात, त्यामुळे ते टेकणंही नोंदवण्यासारखं आहे. मर्यादवेलीच्या पुळणीवर दिसलेली माशी आणि कातळावर दिसलेली माशी यांची टिपणं एकत्र करू नका. मेलेल्या नमुन्यावरून यजमान कोण ते कळत नाही, ते उन्हात उभं राहूनच कळतं. माझ्या मते सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा भाग हाच.

मग प्रश्न येतो की मारायलाच हवी का. २०१५ साली स्टीफन मार्शल आणि नील इव्हनह्यूस या माशीतज्ज्ञांनी दक्षिण आफ्रिकेतल्या एका बी फ्लायचं वर्णन नमुना जतन न करता, छायाचित्रांवरून केलं. भुंग्यासारख्या दिसणाऱ्या त्या माशीचं नाव मार्लेयमिया झायलोकोपी. त्यावरून वर्गीकरणतज्ज्ञांमध्ये मोठा वाद झाला. ती माशी चित्रातही वेगळी उठून दिसणारी होती. आपल्याकडच्या साध्या तपकिरी माश्यांचा निवाडा बहुतेक वेळा नराच्या उदरातल्या जननांगांवरून होतो, आणि ती फोटोत दिसत नाहीत. म्हणून मोजकेच नमुने घ्या, पण घ्या. जमीनमालकाला विचारा. फणसाडसारख्या अभयारण्यात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय जाळी उघडूच नका.

पकडलेली माशी डबीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. पूर्ण माशी अल्कोहोलमध्ये बुडवू नका, केस आणि खवले चिकटून ओळखीच्या खुणा जातात. कीटकसुई वक्षातून, मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे टोचा, म्हणजे डावी बाजू अखंड राहते. डीएनएसाठी एक पाय तेवढा वेगळ्या कुपीत अल्कोहोलमध्ये ठेवा. सुईखाली चिठ्ठी हवी: गाव, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. चिठ्ठी नसलेला नमुना वैज्ञानिक कामाला निरुपयोगी असतो. आपल्या दमट हवेत बुरशी फार लवकर धरते. पहिल्या पावसाळ्यात माझी अख्खी पेटी अशीच गेली, तेव्हापासून मी सिलिका जेलची पुडी घातल्याशिवाय झाकण लावत नाही.

आता ओळख. वर्तमानपत्रांत ‘नवी प्रजाती’ छापून येतं, तेव्हा बहुधा ‘जाती’ म्हणायचं असतं. प्रजाती हा जातींचा वरचा गट, आणि आधी तो ठरवावा लागतो. पंख भिंगाखाली धरा आणि टोकाकडे, पुढच्या कडेखाली असलेले उपकडेचे कप्पे (शिरांमधले बंदिस्त तुकडे) मोजा. अँथ्रॅक्स या प्रजातीत ते दोन, एक्झोप्रोसोपामध्ये तीन, लिजायरामध्ये चार. अँथ्रॅक्सच्या शृंगिकेच्या टोकाला केसांचा छोटा झुबका असतो, तोही पाहा. कधी एकाच माशीच्या डाव्या-उजव्या पंखांतल्या शिरा जुळत नाहीत, म्हणून एका पंखावर विसंबू नका.

खरी मेहनत इथून पुढे. माशी नवी आहे हे दाखवायचं म्हणजे ती जुन्यांपैकी कुठलीही नाही हे दाखवायचं. एन्रिको ब्रुनेटी यांचा १९२० चा ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’मधला खंड काढा. त्यातल्या किल्लीने (एकेका लक्षणावरून जातीपर्यंत नेणाऱ्या प्रश्नमालिकेने) आपली माशी एका टोकापर्यंत न्या, आणि जिथे अडेल तिथली नोंद करा. पण त्यानंतर कितीतरी नावं बदलली आहेत, म्हणून इव्हनह्यूस आणि ग्रेटहेड यांच्या १९९९ च्या जागतिक सूचीत प्रत्येक नाव तपासा. शेजारच्या देशांतल्या जातीही सोडू नका. शेवटी मूळ नमुन्यांशी, म्हणजे ज्यांवरून ती नावं दिली गेली त्या माश्यांशी, तुलना हवी. जुन्या भारतीय माश्यांचे कितीतरी मूळ नमुने परदेशी संग्रहालयांत आहेत, तिथे पत्र पाठवून छायाचित्रं मागवावी लागतात. या कामात महिने जातात, ते जाऊ द्यावेत.

नराच्या उदराचं टोक कापून कॉस्टिक पोटॅशच्या १० टक्के द्रावणात मऊ करा, ग्लिसरीनमध्ये घेऊन जननांगांची आकृती काढा. एकाच नमुन्यावर निष्कर्ष काढू नका. नर-मादी दोन्ही, आणि शक्य तर दोन ठिकाणचे नमुने असावेत. केसांचा रंग झिजलेल्या माशीत फिका पडतो, आणि त्या फिकेपणाला नवेपण समजणं ही नेहमीची चूक.

वर्णनात डोकं, वक्ष, पंख, पाय, उदर असा क्रम ठेवा, मोजमापं मिलिमीटरमध्ये द्या, आणि सर्वांत जवळच्या जातीपासून ही नेमकी कशात वेगळी ते एका परिच्छेदात स्वच्छ सांगा. एक नमुना होलोटाइप म्हणून निवडा. नावाचा तो कायमचा आधार असतो, बाकीचे पॅराटाइप. प्राणिनामकरणाच्या संहितेनुसार २००० सालापासून होलोटाइप कुठे ठेवणार हे लेखात लिहावंच लागतं, आणि २०१२ पासून इलेक्ट्रॉनिक प्रकाशन चालतं, पण झूबँक या प्राणिनामांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंद हवी. नाव गावावरून द्यायचं तर शेवटी बहुधा ‘एन्सिस’ येतं.

जैविक विविधता कायदा, २००२ प्रमाणे नवी जाती नेमलेल्या भांडाराला कळवून नमुना तिथे जमा करायचा असतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण असं एक भांडार आहे, आणि त्याचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. सगळे पॅराटाइप मात्र एकाच कपाटात ठेवू नका. दोन-तीन दुसऱ्या संग्रहालयाला द्या, आणि कुठला कुठे गेला ते लेखात लिहा.