ऑफिसच्या टूरला जोडून सुट्टी काढताय? आधी तारखांची रेघ मारा

ऑफिसच्या कामाने बाहेर गेलं की बहुतेक वेळा आपल्याला त्या ठिकाणचं एअरपोर्ट, टॅक्सीची खिडकी आणि मीटिंग रूम एवढंच दिसतं. मी बरीच वर्षं अशीच फिरले, पहाटे जायचं, तीन दिवस हॉलमध्ये बसायचं आणि चौथ्या दिवशी परत. मग एकदा वाटलं की एवढ्या लांब आलोच आहोत, तिकीट निघालेलंच आहे, तर पुढे दोन-तीन दिवस एखाद्या रिसॉर्टवर राहिलं तर काय हरकत आहे. हरकत काहीच नाही, पण नीट जुळवलं नाही तर ना धड काम होतं ना धड सुट्टी, आणि परत आल्यावर बिलांचा घोळ निस्तरत बसावं लागतं तो वेगळाच.

माझ्या अनुभवातून एक गोष्ट पक्की सांगते. काम कुठे संपतं आणि सुट्टी कुठे सुरू होते ती रेघ तारीख आणि वेळ घालून आधीच मारून ठेवायची, आणि ती मनात न ठेवता मेलवर लिहून ठेवायची. तिकीट कोण भरणार, हॉटेलचं बिल कुणाच्या नावावर, विमा कधीपर्यंत, घरच्यांनी कधी यायचं, हे सगळं मग त्या रेघेवरूनच ठरत जातं.

आधी काम, मग सुट्टी

हा क्रम मी चुकवून बघितलाय म्हणून सांगते. एकदा कॉन्फरन्सच्या आधी तीन दिवस समुद्रकाठी राहिले, विचार असा की फ्रेश होऊन कामाला जाऊ. प्रत्यक्षात तीनही दिवस डोक्यात प्रेझेंटेशनच चालू होतं, रोज रात्री स्लाइड्स उघडून बसायचे, क्लायंटचे मेल येतच होते आणि त्यांना मी सुट्टीवर आहे हे सांगायचीही सोय नव्हती कारण दोन दिवसांनी भेटायचंच होतं. काम झालेलं असलं की डोकं रिकामं होतं आणि मग रिसॉर्टचा पहिला तासही कामी येतो. शिवाय मीटिंग अचानक एक दिवस पुढे गेली तर सुट्टीचा एखादा दिवस कमी होतो एवढंच, कामाची घडी विस्कटत नाही.

अपवाद एकच, टाइम झोन. पाच-सहा तासांपेक्षा जास्त फरक असेल तर कामाच्या एक दिवस आधी पोचाच. आपलं शरीर साधारण दिवसाला एखाद तासाच्या हिशोबाने नव्या वेळेला सरावतं, आणि पूर्वेकडे जाताना पश्चिमेपेक्षा जास्त त्रास होतो कारण शरीराचं आतलं घड्याळ २४ तासांपेक्षा थोडं जास्तच चालतं, त्यामुळे उशिरा झोपणं जमतं पण लवकर झोपणं जमत नाही. पण हा आधीचा दिवस आरामाचा, त्यात फिरायचा प्लॅन कोंबू नका.

बॉसला कसं सांगायचं

लपवाछपवी अजिबात नको. खूप जण रिटर्न तिकीट गुपचूप पुढे ढकलतात आणि मग अकाउंट्सवाले तारखा बघून प्रश्न विचारतात तेव्हा उगाच चोरी पकडल्यासारखं होतं. त्यापेक्षा तिकीट बुक व्हायच्या आधी चार ओळींचा मेल टाका. "माझं काम गुरुवारी संध्याकाळी ६ वाजता संपतंय, शुक्रवारची रजा टाकली आहे, शनिवारी तिथेच राहीन, रविवारी परत येईन, सोमवारी ऑफिसला हजर. शुक्रवारपासूनचं राहणं, जेवण, प्रवास सगळं माझ्या खर्चाने." बस एवढंच. बॉसने नुसतं 'ओके' लिहिलं तरी तो मेल जपून ठेवा.

गुरुवारच्या रात्रीचं मात्र आधी विचारून घ्या, कारण काम संध्याकाळी उशिरा संपलं आणि त्या रात्री परतीची फ्लाइटच नसेल तर बऱ्याच कंपन्या ती रात्र कामातच धरतात, पण ते कंपनीच्या पॉलिसीवर आहे, आपण गृहीत धरायचं नाही.

तिकिटाचं गणित

ज्या दिवशी तुमचं तिकीट निघतं त्याच दिवशी दोन भाडी बघा आणि दोन्हीचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. एक, काम संपल्या संपल्या परत आलो असतो तर किती पडलं असतं. दुसरं, सुट्टी धरून किती पडतंय. दुसरं जास्त असेल तर फरक तुम्ही भरायचा, कमी असेल तर कंपनीचाच फायदा. आणि ते कमी असणं अगदी शक्य आहे, कारण मध्ये शनिवारची रात्र आली की काही एअरलाइन्सची भाडी खाली येतात, ही जुनी पद्धत आहे, कामासाठी जाणारे वीकएंडला घरी परततात हे त्यांनाही माहीत असतं. बॉसला पटवायला हा मुद्दा चांगला उपयोगी पडतो. स्क्रीनशॉट त्याच दिवशीचे हवेत, कारण महिन्याभराने क्लेम करताना जुनं भाडं कुठेच सापडत नाही.

रिसॉर्ट दुसऱ्या गावाला असेल तर जाताना एका शहरात उतरायचं आणि परतताना दुसऱ्या शहरातून बसायचं असं मल्टी-सिटी तिकीट काढा, उलटा फेरा वाचतो. आणि एक गोष्ट कधीच करू नका, एका तिकिटातला मधला एखादा टप्पा न वापरता सोडून देऊ नका. मी एकदा मधलं उड्डाण सोडून त्या टप्प्यावर गाडीने गेले, वाटलं काय फरक पडतोय, तर पुढची सगळी उड्डाणं एअरलाइनने आपोआप रद्द केली होती आणि ते मला काउंटरवर कळलं. एक टप्पा चुकवला की त्याच बुकिंगमधले पुढचे टप्पे जातात हा बहुतेक एअरलाइन्सचा नियम आहे, बदल करायचा असेल तर आधी फोन करून तिकीटच बदलून घ्यायचं.

हॉटेलमधून रिसॉर्टवर

कामाच्या हॉटेलमध्येच राहायचं की वेगळं रिसॉर्ट बघायचं? माझं मत स्पष्ट आहे, जागा बदला. ज्या रूममध्ये तीन दिवस लॅपटॉप उघडून बसलो तिथे सुट्टीचा मूड येत नाही, लिफ्टमध्ये पण ऑफिसचेच लोक भेटतात. पण एकच दिवस जोडायचा असेल तर मात्र तिथेच राहा, सामान हलवण्यातच अर्धा दिवस जातो. कॉन्फरन्सच्या हॉटेलमध्ये जो ग्रुप रेट मिळतो तो पुष्कळदा आधीच्या आणि नंतरच्या दोन-तीन रात्रींनाही देतात, विचारलं तरच सांगतात.

तिथेच राहिलात तर रिसेप्शनवर सांगा की कामाच्या शेवटच्या दिवशी कंपनीचं बिल बंद करून द्या आणि पुढच्या रात्री माझ्या कार्डवर नव्याने टाका, रूम तीच राहू दे. दोन वेगळी बिलं हातात पाहिजेत. एकाच बिलात स्पा आणि मीटिंगची कॉफी दोन्ही आलं की क्लेम अडकतो आणि मग एकेक ओळ समजावून सांगत बसावं लागतं.

आता रिसॉर्टचं. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात ते रात्रींच्या हिशोबात. चेक-इन साधारण दुपारी २-३ ला, चेकआउट सकाळी ११-१२ ला. म्हणजे एक रात्र घेतली तर तुमच्या हातात वीस-एकवीस तास आले, त्यातले आठ झोपेत गेले. दोन रात्री घेतल्या तर पूर्ण मोकळा दिवस फक्त एकच मिळतो. कामानंतरचा पहिला दिवस तर नुसता थकवा उतरवण्यातच जातो, मी तरी दुपारभर झोपलेली असते. म्हणून रिसॉर्ट घ्यायचं तर तीन रात्री घ्या, जमत नसेल तर रिसॉर्टचा नाद सोडून त्याच शहरात निवांत फिरा, तेही छान असतं.

हातातले तास वाढवायची साधी युक्ती म्हणजे रिसॉर्टला आधी मेल टाकून विचारायचं की रूम तयार नसली तरी सकाळी आलो तर सामान ठेवून पूल वापरता येईल का, आणि चेकआउटनंतर आंघोळ करून कपडे बदलायची सोय आहे का. बऱ्याच ठिकाणी हो म्हणतात. त्यासाठी स्विमिंगचे कपडे आणि चपला मोठ्या बॅगेच्या तळाशी न ठेवता हातातल्या बॅगेत वरच ठेवा.

ऑल-इन्क्लुझिव्ह पॅकेज, म्हणजे राहणं, खाणं-पिणं सगळं एकाच दरात, घ्यायचं का? दिवसभर रिसॉर्टमध्येच पडून राहायचं असेल, बरोबर मुलं असतील तर घ्या, दर तासाला बिलावर सही करायची कटकट जाते. पण बाहेर भटकायचं असेल तर नुसता ब्रेकफास्ट किंवा ब्रेकफास्ट आणि रात्रीचं जेवण एवढंच घ्या, नाहीतर न खाल्लेल्या जेवणाचे पैसे भरता. रिसॉर्ट फी म्हणून रोजची एक सक्तीची रक्कम काही ठिकाणी वेगळी लावतात, पूल, वायफाय, टॉवेल असल्या गोष्टींच्या नावाखाली. अमेरिकेत मे २०२५ पासून अशी सक्तीची फी जाहिरातीतल्या दरातच धरून दाखवायचा नियम आलाय, पण सगळीकडे तसं नाही, म्हणून बुकिंगच्या आधी 'टॅक्स आणि सगळ्या फी धरून एकूण किती' हे लेखी मागवा.

सुट्टीत थोडं काम करावंच लागणार असेल तर

शक्यतो नकोच. पण असतात अशा नोकऱ्या, कळतं. मग कामाला ठरलेली वेळ द्या, सकाळी दोन तास म्हणजे दोनच तास, आणि ते ऑफिसला आधी सांगून ठेवा. दिवसभर फोन हातात धरून 'जरा बघते' करत राहिलं की बरोबरच्या माणसांची पण सुट्टी जाते. रिसॉर्टला विचारताना 'वायफाय आहे का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. रूममध्ये पोचतं का, अपलोड स्पीड किती, रूममध्ये टेबल-खुर्ची आहे का ते विचारा. एका नीट व्हिडिओ कॉलला दोन्ही बाजूंनी ३-४ एमबीपीएस पुरतं, पण रिसॉर्टमध्ये संध्याकाळी सगळे एकदम ऑनलाइन येतात तेव्हा तेवढंही मिळत नाही. फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवा. कंपनीचा लॅपटॉप पूलवर न्यायचा नाही, काम झालं की रूमच्या लॉकरमध्ये.

घरचे येणार असतील तर

त्यांनी काम संपतं त्या दिवशी यावं, पहिल्या दिवशी नाही. तुम्ही मीटिंगमध्ये आणि ते रूममध्ये वाट बघतायत, संध्याकाळी तुम्ही दमलेले आणि ते वैतागलेले, यातून भांडणंच होतात. आधी आलेच तर कंपनीच्या बुकिंगमध्ये त्यांची नावं घालून घ्या आणि जादा माणसाचा फरक तुम्ही भरा. त्यांचं तिकीट कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कमधून काढू नका, हिशोब एकात एक गुंततो.

व्हिसा आणि विमा

हे कंटाळवाणं आहे पण इथेच खरं नुकसान होतं. कामाचं निमंत्रणपत्र फक्त कामाच्या तारखांचं असतं, व्हिसाचा अर्ज करतानाच पुढचे सुट्टीचे दिवस आणि रिसॉर्टचं बुकिंग दाखवा. अमेरिकेत धंद्याच्या कामाचा बी-१ आणि पर्यटनाचा बी-२ असे दोन प्रकार आहेत, बहुतेकांना दोन्ही एकत्रच मिळतात, तरी आपल्या व्हिसावर काय छापलंय ते वाचा. शेंगेन देशांत, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत, कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं आणि त्यात उतरल्याचा आणि निघाल्याचा दोन्ही दिवस मोजतात. सतत टूरवर असणाऱ्यांचे हे दिवस नकळत भरत येतात, त्यामुळे मागच्या सहा महिन्यांचा हिशोब करूनच सुट्टी जोडा. इमिग्रेशनवर विचारलं तर सरळ सांगायचं, तीन दिवस काम आणि चार दिवस सुट्टी.

कंपनीचा ट्रॅव्हल विमा बऱ्याचदा कामापुरताच असतो. रेघेच्या दुसऱ्या बाजूला पाय मोडला तर खर्च तुमचा. म्हणून सुट्टीच्या दिवसांचा वेगळा विमा घ्या, आणि पाण्यातले खेळ, डायव्हिंग, ट्रेकिंग त्यात धरलंय का ते बघा, साध्या पॉलिसीत पुष्कळदा नसतं. कामासाठी भाड्याने घेतलेली गाडी पण काम संपलं की परत करा आणि सुट्टीसाठी स्वतःच्या नावावर नवीन घ्या.

परतीचा दिवस

सोमवारी सकाळी ऑफिस आणि रविवारी मध्यरात्री लँडिंग असं ठेवू नका, निदान रविवारची दुपार घरी मिळू दे. बेटावरच्या रिसॉर्टवरून एअरपोर्टला यायला बोट किंवा छोटं विमान लागत असेल तर त्याच्या वेळा बुकिंगच्या आधीच विचारा. मालदीवमध्ये सी-प्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारी छोटी विमानं, फक्त दिवसाउजेडी उडतात, त्यामुळे फ्लाइट संध्याकाळी उशिरा पोचणारी किंवा पहाटे निघणारी असेल तर एक रात्र एअरपोर्टजवळ काढावी लागते आणि तेवढीच रिसॉर्टची रात्र कमी होते.

आणि स्कुबा डायव्हिंग करणार असाल तर ते सुट्टीच्या सुरुवातीलाच उरका. साधी एक डाइव्ह केली असेल तर विमानात बसायच्या आधी किमान १२ तास, बऱ्याच डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास जाऊ द्यायचे असतात, कारण खोल पाण्यात शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो आणि विमानातल्या कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊ शकतात. मी सरळ पूर्ण २४ तास सोडते, शेवटच्या दिवशी फक्त पूल आणि दुपारची झोप.