एनसीपीएला पहिल्यांदा जाताय? तिकिटावर थिएटरचं नाव नीट बघा

एनसीपीए, म्हणजे मुंबईत नरिमन पॉइंटचं नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स, म्हटलं की आपल्यातले बरेच जण म्हणतात, ते काय आपल्यासाठी नाही, तिथे सगळं इंग्रजी. असं अजिबात नाहीये हो! तिथे प्रतिबिंब हा मराठी नाट्य महोत्सव होतो, शास्त्रीय गाण्याच्या मैफली होतात, त्यामुळे डोंबिवलीहून यावं लागलं तरी एकदा जाच.

आवारात एक नाही, पाच थिएटर आहेत. टाटा, जमशेद भाभा, एक्सपेरिमेंटल, लिटल आणि गोदरेज डान्स. मी आईला पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा नाटक होतं एक्सपेरिमेंटलला आणि आम्ही दोघी टाटाच्या बाहेर निवांत गप्पा मारत बसलेलो, कळलं तेव्हा धावत गेलो पण सुरुवात हुकलीच. अर्धा तास आधी पोचा आणि गेटवर थिएटरचं नाव सांगूनच आत जा.

गाणं ऐकायचं असेल तर टाटा, दुसरा विचारच नको. १९८० साली सुरू झालं, फिलिप जॉन्सन या अमेरिकन आर्किटेक्टचं डिझाइन, जवळपास हजार सीट, आणि माइक नसला तरी आवाज पोचावा अशा हिशोबानेच बांधलंय. आम्ही पार मागे बसलो होतो तरी तबला लावताना हातोडीची टकटक स्पष्ट येत होती, आईने माझा हात धरून ठेवला होता. पण तुमच्या पर्समधली प्लास्टिकची पिशवीही तशीच ऐकू जाते, तेव्हा खोकल्याची गोळी आधीच कागदातून काढून रुमालात ठेवा.

नाटकाला एक्सपेरिमेंटल मस्त, छोटंसं आहे, खुर्च्यांची मांडणी नाटकाप्रमाणे बदलते आणि नट अगदी समोर, घाम दिसतो कपाळावरचा.

जमशेद भाभाला ऑर्केस्ट्रा, ऑपेरा असले मोठे कार्यक्रम. हे थिएटर उघडण्याआधीच १९९७ मध्ये आगीत जळालं आणि पुन्हा बांधून १९९९ मध्ये सुरू केलं. आतला संगमरवरी जिना मलबार हिलच्या पेटिट हॉल या जुन्या बंगल्यातला आहे, घाईत नुसता चढून जाऊ नका, दोन मिनिटं थांबून बघा.

जायला चर्चगेटहून शेअर टॅक्सी, नाहीतर मेट्रो ३ ने विधान भवन. रात्री परतायची लोकल मात्र निघायच्या आधीच एम-इंडिकेटर ॲपवर बघून ठेवा, आणि वेळ उरलाच तर बाहेर समुद्राच्या कट्ट्यावर थोडं बसा.