दर वेळी वेगळा एरर कोड देऊन संगणक बंद पडत असेल तर

व्हिडिओ पाहताना किंवा मोठी फाइल उघडताना निळा पडदा येई, त्यावर दर वेळी निराळाच एरर कोड दिसे आणि संगणक आपोआप रीस्टार्ट होई. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद सापडली. परंतु संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढेच ती सांगते. ड्रायव्हर अद्ययावत केले, विंडोज नव्याने टाकले, पंख्यांवरची धूळ काढली. वैतागाखेरीज हाती काही लागले नाही.

बदलता कोड बहुधा रॅमकडे, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीकडे, बोट दाखवतो, म्हणून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरूनच सुरू केला, आणि थोड्याच वेळात चुकांच्या लाल ओळी उमटू लागल्या. या चाचणीत एकही चूक क्षम्य नसते. बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, रॅम अधिक वेगाने चालवणारी एक्सएमपी ही सोय बंद करूनही चुका राहिल्या. तेव्हा संगणक बंद केला, वायर काढली, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरले, रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या आणि एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये, दोन्हीकडची खटकी ‘टक्’ वाजेपर्यंत दाबून बसवून, संपूर्ण चाचणी घेतली. एक पट्टी निर्दोष ठरली, दुसरीत चुका आल्या. स्लॉट तोच असल्याने दोष पट्टीचाच, हे निश्चित झाले. ती बदलली, चाचणी पुन्हा घेतली आणि सदोष रॅममुळे विंडोजच्या फाइलीही बिघडलेल्या असू शकतात म्हणून शेवटी त्या तपासून दुरुस्त करणारी ‘एसएफसी स्कॅननाऊ’ (sfc /scannow) ही आज्ञा चालवली.