एक ऑफर हातात, दुसरीची वाट: मुदत जवळ आली की काय करायचं

पदव्युत्तर प्रवेशाच्या मुदती दोन प्रकारच्या असतात. एक पोर्टलची, दुसरी माणसाने ठरवलेली. पोर्टलची वेळ संपली की विषय संपला. तिथे ना विनंती चालत, ना ओळख. माणसाने ठरवलेली मुदत मात्र विचारलं तर बऱ्याचदा पुढे सरकते. जळगाव-धुळ्याकडची मुलं नेमकं उलटं करतात. पोर्टल बंद झाल्यावर हेल्पलाइनला फोन लावत बसतात, आणि परदेशातल्या विभागाला चार ओळींचा मेल टाकायला कचरतात. म्हणे, 'विचारलं तर ऑफरच काढून घेतील.' प्रवेश कार्यालयांना असे मेल रोजचेच असतात. फार तर नाही म्हणतील.

आधी वहीत मांडा

मोबाइलमधल्या स्क्रीनशॉटवर भरवसा ठेवू नका. एका पानावर प्रत्येक विद्यापीठासमोर लिहा: उत्तराची शेवटची तारीख, नुसता होकार हवा आहे की पैसेही भरायचे आहेत, ते परत मिळतात का, आणि ऑफरसोबत आर्थिक मदत आहे की नाही. ज्यांचा निकाल बाकी आहे त्यांच्यासमोर तो साधारण कधी लागतो तेही टिपा.

मुदत कुठल्या घड्याळाची हेही पाहा. न्यूयॉर्कला 15 एप्रिलची रात्र 11.59 ला संपते, तेव्हा आपल्याकडे 16 एप्रिलचे सकाळचे 9.29 झालेले असतात. कॅलिफोर्नियाची असेल तर दुपारचे 12.29. हे माहीत असावं, पण त्यावर विसंबू नये. एप्रिलच्या उन्हात लाइट कधी जाईल आणि नेट कधी बसेल याचा नेम नसतो. आपल्या तारखेने आदल्या दिवशीच काम उरका.

15 एप्रिलचं महत्त्व

अमेरिकेत 'कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स' या संस्थेचा एक ठराव आहे. त्यावर सही केलेल्या विद्यापीठाने फेलोशिप, असिस्टंटशिप किंवा अशी आर्थिक मदत देऊ केली असेल, तर विद्यार्थ्याला 15 एप्रिलच्या आधी उत्तर द्यायचं बंधन नाही. आधी होकार दिला असेल तरी 15 एप्रिलपर्यंत लेखी कळवून तो मागे घेता येतो. सही केलेल्या विद्यापीठांची यादी कौन्सिलच्या संकेतस्थळावर आहे. तुमची ऑफर मदतीची असेल, विद्यापीठ यादीत असेल आणि तरी 20 मार्चची मुदत दिली असेल, तर ठरावाचा उल्लेख करून नम्रपणे विचारा. भांडायला जाऊ नका, बहुतेक वेळा आठवण पुरते.

मात्र इथेच गल्लत होते. हा ठराव आर्थिक मदतीच्या ऑफरपुरता आहे. स्वतःच्या किंवा कर्जाच्या पैशाने करायच्या एमएसला (तिथल्या पदव्युत्तर पदवीला) तो लागू नाही, आणि आपल्याकडून जाणाऱ्या बहुतेकांचं एमएस तसंच असतं. युरोप-ब्रिटनला तर या तारखेशी घेणंदेणंच नाही. तिथे पत्रात लिहिलेली तारीख हीच खरी.

दोन मेल

पहिला मेल, ज्यांनी ऑफर दिली त्यांना. इंग्रजीत लिहाल, पण मजकूर एवढाच असावा: 'ऑफरबद्दल मनापासून आभार. तुमचा अभ्यासक्रम माझ्या पसंतीत वरचा आहे. आणखी एका विद्यापीठाचा निर्णय एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत अपेक्षित आहे. उत्तरासाठी 18 एप्रिलपर्यंत मुदत मिळू शकेल का?' तारीख नेमकी द्या. 'थोडा वेळ मिळावा' असं लिहिलं की समोरच्याला काय द्यायचं तेच कळत नाही. वडिलांची तब्येत, केळीचा भाव, घरची अडचण यात आणू नका; खरी असली तरी तिथे तिचा उपयोग नाही.

दुसरा मेल, ज्यांची वाट पाहताय त्यांना: 'मला दुसरीकडून ऑफर आहे, तिचं उत्तर अमुक तारखेला द्यायचं आहे. तुमच्याकडे येण्याची इच्छा जास्त आहे. माझ्या अर्जावर निर्णय कधी होईल?' दुसऱ्या विद्यापीठाचं नाव सांगायलाच हवं असं नाही. नसलेली ऑफर दाखवून घाई करायला मात्र जाऊ नका. पत्र दाखवा म्हणाले तर तोंड लपवायची पाळी येईल. दोन्ही मेल मुदतीच्या आठ-दहा दिवस आधी जायला हवेत, अर्ज क्रमांकासह, आणि ऑफरच्या पत्रात ज्याचा पत्ता दिला आहे त्यालाच. पीएचडी असेल तर मार्गदर्शक प्राध्यापकालाही कळवा.

वेटिंगवर असाल तर यादी साधारण कधी हलते तेही विचारून घ्या. काही ठिकाणी ती 15 एप्रिलनंतरच हलते, कारण तोवर इतरांनी जागा सोडलेल्या नसतात.

देशातली पोर्टलं

गेट या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर आयआयटीत एम.टेक. करायचं तर ऑफर 'सीओएपी' या सामाईक पोर्टलवर येतात. तिथे तीन पर्याय: स्वीकारून फ्रीझ, राखून थांबणे, किंवा नाकारून थांबणे. भुसावळवाल्यांना आरएसी तिकीट समजावून सांगावं लागत नाही. 'राखून थांबणे' तसंच आहे, बसायची जागा आपली, बर्थ मिळाला तर वरकड. फ्रीझ केलं की पुढच्या फेऱ्यांतून नाव गेलं. नाकारलेला अभ्यासक्रम पुन्हा मिळेल या आशेवर राहू नये. एकेका फेरीत उत्तराला वेळ फार थोडा असतो आणि तो हुकला तर ऑफर हातची जाते. त्या काळात लग्नाला गावी गेलात तरी पासवर्ड खिशात हवा.

एनआयटींच्या एम.टेक. प्रवेशाच्या 'सीसीएमटी' या सामाईक पोर्टलवर फ्रीझ, फ्लोट, स्लाइड असे शब्द आहेत. फ्लोट म्हणजे वरच्या पसंतीची कुठलीही जागा चालेल, स्लाइड म्हणजे त्याच संस्थेतली वरची शाखा. राज्याच्या 'कॅप', म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्यांत 'बेटरमेंट' घेता येतं, म्हणजे मिळालेली जागा राखून वरच्या पसंतीची वाट पाहता येते. वरची जागा मिळाली की आधीची आपोआप जाते, म्हणून पसंतीक्रमात खरोखर नको असलेलं कॉलेज वर टाकू नका.

पैसे भरायचे की नाही

इथे भावना बाजूला ठेवून हिशेब करा. दुसरा निकाल आला नाही आणि ही जागाही गेली, तर वर्ष वाया जाणार का? जाणार असेल तर डिपॉझिट हा विमा समजून भरावं, अर्थात घराला तेवढी रक्कम बुडालेली झेपत असेल तरच. परदेशी विद्यापीठांचं डिपॉझिट सहसा परत मिळत नाही. व्हिसा नाकारला तर परत देणारी काही आहेत, ती अट पत्रात शोधा.

भरायचं ठरलं तर बँकेचे दिवस मोजा. चोपडा, शहादा, पारोळा अशा ठिकाणच्या शाखेत परदेशी रक्कम पाठवण्याचं काम रोजचं नसतं. ए-2 फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज), पॅन, ऑफरचं पत्र, पासपोर्टची प्रत घेतात आणि कागद बऱ्याचदा मोठ्या शाखेकडे जातात. त्यात शनिवार-रविवार आणि आंबेडकर जयंतीची 14 एप्रिलची सुट्टी. मुदत 15 ला असेल तर पाच-सहा तारखेलाच शाखेत जा आणि निघताना स्विफ्टची पावती, म्हणजे पैसे परदेशी पाठवल्याचा बँकेचा पुरावा, मागून घ्या. ती जोडून विद्यापीठाला कळवलं की रक्कम एक दिवस उशिरा पोचली तरी बोलायला जागा राहते.

देशातल्या प्रवेशाला यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) आधार आहे. 2018 च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या 15 किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केला तर 100 टक्के फी परत (प्रक्रियेचे जास्तीत जास्त 5 टक्के, तेही 5000 रुपयांपर्यंतच, कापता येतात). त्याहून कमी दिवस उरले असतील तर 90 टक्के, तारखेनंतर 15 दिवसांपर्यंत 80, 30 दिवसांपर्यंत 50, पुढे काही नाही. अलीकडे यूजीसीने काही वर्षांसाठी वेगळी परिपत्रकंही काढली. 2024-25 साठी 30 सप्टेंबर 2024 पर्यंत पूर्ण परतावा होता. आपल्या वर्षाचं परिपत्रक छापून सोबत न्या. मूळ गुणपत्रिका कॉलेजला ठेवून घेता येत नाहीत, पडताळून परत द्यायच्या असतात, हेही त्याच अधिसूचनेत आहे.

मुदतवाढ नाही, निकालही नाही

मग एक दिवस आधी घरात बसून ठरवा. आई-वडील, कर्जाला जामीन राहणारे मामा-काका, एवढेच लोक पुरेत. 'नंबर लागना का भो?' विचारणाऱ्या गल्लीला त्यात घ्यायची गरज नाही. आर्थिक मदतीची ऑफर असेल तर 15 एप्रिलनंतर होकार फिरवणं टाळा. कुणाच्या तरी भरवशावर प्राध्यापकाने प्रकल्पाची आखणी केलेली असते. स्वखर्चाची जागा असेल तर एवढं ओझं घेऊ नका.

नंतर हवी ती जागा मिळालीच, तर आधी तिचं पत्र नीट वाचा. सशर्त आहे का, फी किती, मदत लेखी आहे का. नव्या जागेचा होकार पक्का झाल्याची पोच आली की त्याच दिवशी जुन्यांना दोन ओळींचा नकार पाठवा आणि पोर्टलवरही नोंदवा. देशातला प्रवेश सोडताना रद्द करण्याच्या अर्जावर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. परताव्याची टक्केवारी त्याच तारखेवर ठरते.