हौशी ग्रंज कव्हर बँड कसा उभा करावा

ग्रंज, म्हणजे सिॲटलकडून आलेला खरखरीत, जड रॉक, वाजवायला सोपं, असं सगळेच म्हणतात. चार पॉवर कॉर्ड (दोन सुरांच्या जड कॉर्ड), एक डिस्टॉर्शन पेडल (गिटारचा आवाज फाडणारं, पायाने दाबायचं यंत्र) आणि ओरडायची तयारी एवढ्यावर गाणं ओळखू येतं, हे खरंच आहे. पण गाणं ओळखू येणं वेगळं आणि त्याने अंगावर काटा येणं वेगळं. निर्वाणा, पर्ल जॅम, साउंडगार्डन, ॲलिस इन चेन्स या सिॲटल परिसरातल्या बँड्सची ताकद जेवढी मोठ्या आवाजात आहे, तेवढीच तो आवाज रोखून धरण्यात आहे. दबकी व्हर्स (कडवं), मग फुटणारा कोरस (ध्रुपद). ही युक्ती बॉस्टनच्या पिक्सीज या बँडकडून उचलली, असं निर्वाणाच्या कर्ट कोबेनने १९९४ च्या एका मुलाखतीत मोकळेपणाने सांगितलं होतं. हौशी बँड नेमका इथेच अडकतो. पहिल्या ठोक्यापासून सगळे जीव खाऊन वाजवतात, आणि कोरस आला की आणखी चढायला जागाच उरत नाही.

पुढची सगळी कृती हा एक मुद्दा धरून लिहिली आहे. डोळ्यांसमोर आहेत ते पुण्या-मुंबईत नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी इतरांची गाणी, म्हणजे कव्हर, वाजवणारे लोक.

१. आधी ड्रमर, मग बाकीचे

गिटारवाले हाक मारताच मिळतात, ड्रमर मिळत नाही. फ्लॅटमध्ये ड्रम किट ठेवणं जवळजवळ अशक्य, त्यामुळे ड्रमर मुळातच कमी आणि जे आहेत ते दोन-तीन बँडमध्ये वाटलेले. म्हणून त्याच्यापासून सुरुवात करा. प्रॅक्टिस पॅडवर किंवा इलेक्ट्रॉनिक किटवर शिकलेला असला तरी चालेल. फक्त खऱ्या किटवर हात बसायला त्याला चार-सहा आठवडे द्या.

बेसला दुय्यम समजू नका. तिसऱ्या गिटारवाल्याच्या गळ्यात बेस मारायची पद्धत आहे, ती ग्रंजमध्ये महागात पडते. ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ची व्हर्स नीट ऐका. तिथे गिटार फक्त दोन सूर टाकते आणि थांबते. सगळं गाणं बेस आणि ड्रमनी तोलून धरलेलं असतं. तिथे बेस डळमळला की उरतात ते दोन सूर आणि अवघडलेली शांतता.

माणसं तीन असोत की पाच, बिघडत नाही. निर्वाणा बराच काळ तिघांचा बँड होता, पर्ल जॅम पाच जणांचा. जॅम रूमचं (तासावर मिळणाऱ्या सरावाच्या खोलीचं) भाडं कसं वाटायचं आणि महिन्यातून किती वेळा भेटायचं, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या.

२. गाणी ट्यूनिंगप्रमाणे आणि गळ्याप्रमाणे निवडा

पहिल्या यादीत आठ गाणी पुरेत. आवडती गाणी तर पंचवीस निघतील, पण निवड दोन गोष्टींवर करा.

पहिली गोष्ट ट्यूनिंग. ग्रंजमधली बरीच गाणी ड्रॉप डीमध्ये आहेत, म्हणजे सहावी, सर्वांत जाड तार ई वरून डी वर उतरवलेली. यामुळे सर्वांत जाड तीन तारांवर एकच बोट आडवं ठेवून पॉवर कॉर्ड मिळते आणि जड रिफ (परत परत येणारे गिटारचे छोटे तुकडे) झपाझप सरकवता येतात. ‘ब्लॅक होल सन’ असं आहे. ‘कम ॲज यू आर’मध्ये मात्र सगळीच गिटार एक पूर्ण सूर खाली आहे. ॲलिस इन चेन्सची पुष्कळ गाणी अर्धा सूर खाली. ही सरमिसळ एका कार्यक्रमात घेतली तर निम्मा वेळ खुंट्या पिळण्यात जाईल. सुरुवातीला पाच गाणी स्टँडर्ड ट्यूनिंगची आणि तीन ड्रॉप डीची घ्या. दुसरी गिटार असेल तर ती कायम ड्रॉप डीमध्येच ठेवा.

दुसरी गोष्ट गायकाचा गळा. साउंडगार्डनचा क्रिस कॉर्नेल जिथे सहज जात असे, तिथे बहुतेकांचा आवाज पोचत नाही. गाणं एक-दोन सूर खाली घेण्यात काही कमीपणा नाही. पर्ल जॅमच्या एडी वेडरचा आवाज खर्जातला, त्यामुळे गायिका असेल तर त्याची गाणी वर न्यावी लागतील. मूळ स्केलचा हट्ट धरून गायकाचा बळी देऊ नका.

साउंडगार्डन घेणार असाल तर आपल्याकडे एक फायदा आहे. ‘स्पूनमॅन’चा मुख्य रिफ सात मात्रांचा आहे, आणि सात मात्रा रूपक तालामुळे तबला शिकलेल्या कुणालाही परक्या नाहीत. बँडमध्ये असा कोणी असेल तर रिफ आधी टाळी देत तोंडाने म्हणायला लावा. आकडे मोजत बसण्यापेक्षा बोल म्हणत वाजवलं की तो पटकन अंगात भिनतो. पहिल्या आठात मात्र असं एकच गाणं ठेवा.

३. आवाज कमी पैशात मिळतो

सिॲटलच्या मडहनी बँडने १९८८ साली आपल्या रेकॉर्डला ‘सुपरफझ बिगमफ’ हे नाव दिलं, ते दोन फझ (आवाज फाडणाऱ्या) पेडलांवरून. निर्वाणाचा पहिला अल्बम ‘ब्लीच’ ६०६ डॉलर १७ सेंटमध्ये रेकॉर्ड झाला होता आणि तो आकडा अल्बमवरच छापला होता. तेव्हा महागड्या सामानासाठी थांबू नका. एक डिस्टॉर्शन पेडल (कोबेन ‘नेव्हरमाइंड’च्या काळात बॉसचं डीएस-१ वापरत असे, ते आजही मिळतं), एक कोरस पेडल (गाण्यातल्या कोरसशी याचा संबंध नाही, ते आवाज दुहेरी आणि लहरता करतं) आणि एक ट्यूनर. बस.

खरं काम सेटिंगचं आहे. घरी एकट्याने वाजवताना गेन (आवाज किती फाटेल ते) पूर्ण आणि मिडल (मधले सूर) शून्यावर ठेवलं की आवाज भारदस्त वाटतो. तोच आवाज बँडमध्ये गेला की गायब होतो, कारण गिटार ऐकू येते ती मधल्या पट्ट्यातच, आणि तोच तुम्ही कापून टाकलेला असतो. गेन निम्म्यावर आणा, मिडल वाढवा. एकट्याने ऐकताना तो आवाज थोडा कर्कश वाटेल, पण ड्रमसोबत अचूक बसेल.

तारा जाड घ्या. खाली ट्यून केल्यावर नवाच्या सेटच्या (सर्वांत बारीक तार ०.००९ इंचाची) तारा सैल पडतात आणि जोरात मारलं की बेसूर होतात. दहाचा किंवा अकराचा सेट लावा. पावसाळ्यात वाजवून झालं की सुक्या फडक्याने तारा पुसा, नाहीतर आठवड्यात गंज धरतात.

४. सराव: आधी शांत भाग

गाणं घरी शिकायचं आणि जॅम रूममध्ये एकत्र वाजवायचं. तासावर भाडं भरलेल्या खोलीत कोणी कॉर्ड शोधत बसला तर तो बाकीच्यांचा वेळ खातो. प्रत्येकाने गाण्याचा आराखडा कागदावर उतरवून आणावा: इंट्रो किती बार (बहुतेकदा चार मात्रांचा एक बार), व्हर्स किती, कोरसनंतर कुठे जायचं, शेवट कसा.

जॅम रूममध्ये पहिल्यांदा डिस्टॉर्शन बंद ठेवून फक्त व्हर्स वाजवा. कसोटी सोपी आहे. गायकाने माइकशिवाय, बोलण्याच्या आवाजात म्हटलेले शब्द खोलीत सगळ्यांना कळले पाहिजेत. कळत नसतील तर सगळ्यांनी आवाज उतरवा आणि परत घ्या. ड्रमरसाठी हा भाग सर्वांत अवघड. हळू वाजवायला सांगितलं की हात हळू होतो आणि सोबत लयही मंदावते. हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) बंद ठेवून, काठी कमी उंचीवरून टाकत, मेट्रोनोमवर हे वेगळं बसवून घ्यावं लागतं. ‘टीन स्पिरिट’ची लय मिनिटाला साधारण ११७ ठोक्यांची आहे. व्हर्समध्ये तेवढीच आणि कोरसमध्येही तेवढीच राहिली पाहिजे. कोरसला वाढतो तो जोर, वेग वाढता कामा नये.

मग तो सांधा. व्हर्सचा शेवटचा बार सुरू झाला की गिटारवाल्याचा पाय पेडलवर तयार हवा, वजन दुसऱ्या पायावर, नजर ड्रमरकडे. चौथ्या मात्रेवर पेडल दाबायचं, पहिल्या मात्रेवर हात पडायचा. पेडल अर्धी मात्रा आधी दाबलं तर शांततेत गुणगुण शिरते, उशिरा दाबलं तर कोरसचा पहिला फटका फुसका जातो. एवढा एकच सांधा सलग पंधरा-वीस वेळा घ्या. बाकी गाण्यापेक्षा यावर जास्त वेळ गेला तरी तो सत्कारणी लागतो. ज्या दिवशी सगळेच एकाच क्षणी त्या कोरसमध्ये पडतात, त्या दिवशी खोलीतली हवा बदलते. या संगीतात मला यापेक्षा मोठा आनंद माहीत नाही.

प्रत्येक सराव मोबाइलवर रेकॉर्ड करा. फोन सिम्बलपासून लांब, कोपऱ्यात ठेवा. ऐका दुसऱ्या दिवशी, कान निवल्यावर.

आणि कानात प्लग घाला. ८५ डेसिबल आवाज आठ तासांपर्यंत सुरक्षित मानतात, आणि त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटं. बंद जॅम रूममध्ये तेवढा आवाज सहज होतो.

५. गळा आणि शब्द

ओरडणं घशातून काढू नका. पोटातून श्वास, गळा मोकळा, आणि खरखर हवी तेवढीच वर चढवलेली. आधी दहा मिनिटं साधे आलाप घ्या. दुखायला लागलं की त्या दिवशीचं गाणं थांबवा. सेटलिस्टमध्ये दोन ओरडायची गाणी लागोपाठ ठेवू नका.

ॲलिस इन चेन्सचं वैशिष्ट्य म्हणजे लेन स्टेली आणि जेरी कँट्रेल यांचे एकमेकांना चिकटून चालणारे दोन आवाज. एका सुरावटीवर वाढलेल्या आपल्या कानाला दुसरा आवाज धरणं जड जातं, नकळत माणूस मुख्य चालीवर घसरतो. घरात पेटी असेल तर ती काढा. दुसऱ्या आवाजाची ओळ स्वतंत्र चाल म्हणून पेटीवर पाठ करा, आणि ती झोपेतही म्हणता आली की मगच दोघांनी एकत्र गा.

शब्दांचा अर्थ समजून घ्या. यातली बरीच गाणी व्यसन, एकटेपणा, घरातली हिंसा यांबद्दल आहेत आणि ती लिहिणाऱ्यांनी त्याची किंमत मोजली आहे. कोबेन १९९४ साली गेला, स्टेली २००२ साली, कॉर्नेल २०१७ साली. ती गाणी हसत, उड्या मारत म्हटलेली मला पाहवत नाहीत.

६. पहिला गिग

ओपन माइक, कॉलेजचा फेस्ट, ऑफिसचं वार्षिक संमेलन, काहीही चालेल. वीस-पंचवीस मिनिटं मागा आणि आठातली सर्वांत पक्की पाच गाणी घ्या. एकाच ट्यूनिंगची गाणी एकत्र लावा. एखादं गाणं अकूस्टिकवर ठेवा. निर्वाणाने १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला अनप्लग्ड (मुख्यतः अकूस्टिक वाद्यांवरचा) कार्यक्रम केला, त्यात चौदापैकी सहा गाणी दुसऱ्यांची होती. कव्हर वाजवणं म्हणजे कमी दर्जाचं, असं कोणी म्हणालं तर ती मैफल ऐकवा.

दुसऱ्यांची गाणी जाहीर वाजवायला परवाना लागतो. गीत-संगीताचा परवाना आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था देते. तो सहसा आयोजक किंवा जागेचा मालक काढतो, पण आधी विचारून घ्या. उघड्यावर वाजवणार असाल तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद. शेवटचं गाणं साडेनऊला संपेल असा बेत ठेवा, कारण आधीचा बँड लांबणारच.

जागेवर पोचल्यावर सर्वांत आधी अर्थिंग तपासा. आपल्याकडे हॉलमध्ये आणि मांडवात हे हमखास बिघडलेलं असतं. तारांवर हात असताना ओठ माइकला लागले आणि झिणझिण्या आल्या, तर कारण तेच. साधा मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक गिटारच्या तारेला आणि दुसरं माइकच्या जाळीला लावा. काटा जवळपास शून्यावर असला पाहिजे. वीस-तीस व्होल्ट जरी दिसले तरी इलेक्ट्रिशियन येईपर्यंत गायकाला माइकजवळ जाऊ देऊ नका. थ्री-पिनची जाड पिन काढून टाकणाऱ्याचा सल्ला कधीही ऐकू नका.

साउंडचेकला कोरस नव्हे, व्हर्स वाजवून दाखवा. साउंडवाल्याला स्पष्ट सांगा की शांत भाग मुद्दाम शांत आहे, तिथे फेडर (आवाजाची सरकती पट्टी) वर ढकलू नये. अनेक जण सवयीने ढकलतात आणि महिनाभराची मेहनत एका बोटाने सपाट होते. बॅगेत जादा तारा, जादा केबल, पेडलसाठी ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, ड्रमरसाठी काठ्यांची एक जादा जोडी आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलेली सेटलिस्ट, प्रत्येक गाण्यापुढे त्याचं ट्यूनिंग.