सस्पेन्शनचे बुश लेथवर करण्यापूर्वी: स्लीव्हची लांबी मोजा

लोअर कंट्रोल आर्मचे (चाक गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे त्याच्या सांध्यात बसणारी नळीसारखी अस्तरे, स्वतः लेथवर करून बसवण्याचा माझा पहिला प्रयत्न दोन महिन्यांत वाया गेला, आणि तोही आतली पोलादी स्लीव्ह (बोल्ट जिच्यातून जातो ती नळी) केवळ 0.2 मि.मी. आखूड भरल्यामुळे. ही यादी त्या फजितीनंतर केलेली आहे. तीत स्लीव्हचा उल्लेख पुन्हा पुन्हा येईल. वाचताना कंटाळा आला तरी तो भाग गाळू नये.

सर्वप्रथम, त्या जागी टणक बुश चालणार आहे का, हे ठरवावे. कंपनीच्या बुशमध्ये रबर आतल्या स्लीव्हला आणि बाहेरच्या कवचाला पक्के चिकटवलेले असते. आर्म हलतो तेव्हा तिथे काहीही घसरत नाही, रबरच पिळले जाते. आपण केलेला प्लॅस्टिकचा बुश मात्र पिळला जात नाही, तो स्लीव्हवर फिरतो. म्हणून आर्म एकाच अक्षाभोवती वरखाली होत असेल तिथेच तो योग्य ठरतो. अखंड ॲक्सलच्या (दोन्ही चाके एकाच दांड्यावर असलेल्या) गाडीत ॲक्सलला पुढून धरणाऱ्या ट्रेलिंग आर्मला एकच चाक उचलले गेल्यावर पीळ बसतो, आणि बुश तो सहन करीत नसल्याने सगळा ताण ब्रॅकेटच्या (आर्म जिच्यात बोल्टने बसतो त्या पकडीच्या) वेल्डिंगवर जातो. जुन्या रबरात एका बाजूस मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या दिसल्या, तर त्या दिशेला मऊपणा हवा असतो असे समजावे आणि त्या बुशच्या वाटेला जाऊ नये.

साहित्यात मी ॲसिटल हे टणक प्लॅस्टिक निवडतो. नायलॉन ओलावा शोषून फुगतो, आणि मऊ पॉलियुरेथेन टूलपासून (लेथच्या कापणाऱ्या हत्यारापासून) दबून दूर सरकत असल्यामुळे माप हाती लागत नाही. ॲसिटल सुरेख कापले जाते. पण तापल्यावर ते पोलादाच्या सुमारे नऊ-दहा पट प्रसरण पावते, म्हणून शेवटचा काप घेण्यापूर्वी नग थंड होऊ द्यावा. टूलला धार हवी, हे सांगायला नकोच.

जुना बुश काढताना रबर जाळू नये. धूर विषारी असतो आणि आर्म ॲल्युमिनियमचा असल्यास उष्णतेने त्याची ताकद उतरते. आर्मची आय (बुश जिच्यात बसतो ते गोल भोक) गंज काढून स्वच्छ करावी आणि तिचा व्यास तीन खोलींवर, प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा मोजावा. ती क्वचितच अगदी गोल असते. बोल्टचा व्यास आट्यांवर न मोजता सपाट दांड्यावर मोजावा. ब्रॅकेटच्या दोन कानांमधील (दोन्ही बाजूंच्या पत्र्यांमधील) आतले अंतरही याच वेळी लिहून ठेवावे.

आता स्लीव्ह. बोल्ट आवळल्यावर ब्रॅकेटचे कान स्लीव्हच्या टोकांवर टेकले पाहिजेत, बुशच्या कडांवर नव्हे. स्लीव्ह दोन्ही कानांत घट्ट पकडली गेली की ती स्थिर राहते आणि बुश तिच्यावर फिरतो. ती आखूड असली की कान प्लॅस्टिक चिमटतात, आर्म जाम होतो आणि स्लीव्ह बोल्टवर फिरू लागते. माझी स्लीव्ह आधी बरोबर 60 मि.मी. होती. पार्टिंगनंतर (नग दांड्यापासून कापून वेगळा केल्यावर) टोकाला राहिलेली बर, म्हणजे धातूची खरबरीत कड, खटकली म्हणून मी आणखी एकदा फेसिंग केले, म्हणजे टोक लेथवर सपाट कापले, आणि त्यानंतर मोजलेच नाही. बसवल्यावर आर्म हाताने जेमतेम हलत होता, आणि ते मी उत्तम फिटिंगचे लक्षण मानले! दोन महिन्यांनी उघडले तेव्हा बुशची कड छत्रीसारखी पसरली होती आणि बोल्टच्या दांड्यावर चकचकीत, नखाला लागेल इतका खोल पट्टा पडला होता. तेव्हा बर कानसेने काढावी, आणि फेसिंग केलेच तर स्लीव्ह पुन्हा मोजावी. बुशच्या दोन्ही कडांवरील एकूण लांबीपेक्षा स्लीव्ह सुमारे 0.3 मि.मी. जास्त असावी, आणि ही तुलना बुश आयमध्ये दाबून झाल्यावर करावी, टेबलावर सुटे भाग शेजारी ठेवून नव्हे.

बुश दाबताना आतले भोक आक्रसते. पातळ भिंतीच्या बुशमध्ये बाहेर ठेवलेला जवळजवळ सगळा जादा व्यास आतून कमी होतो, त्यामुळे भोक थोडे लहान ठेवून दाबल्यानंतरच अखेरच्या मापाला आणावे. स्लीव्ह हाताने फिरावी, पण खुळखुळू नये. बुशच्या प्रवेशकडेला चॅम्फर (तिरका उतार) द्यावा, नाहीतर आयची धार प्लॅस्टिक सोलून काढते. आतून ग्रीससाठी खाचा पाडाव्यात. स्लीव्हचा बाहेरचा पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करावा. आणि हो, स्लीव्हची लांबी पुन्हा एकदा पाहावी.

जोडणीत लिहिण्यासारखे फार नाही. स्टँड भक्कम असावेत, नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेले, सहज सैल न होणारे) नवे घ्यावेत, टॉर्क (आवळण्याचा जोर) गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे द्यावा. त्याच आर्मवर दुसरा रबरी बुश शिल्लक असेल, तर त्याचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळावा. स्प्रिंग आणि शॉक जोडण्यापूर्वी, नव्या बुशचा बोल्ट पूर्ण टॉर्कवर असताना आर्म उचलून सोडावा. तो स्वतःच्या वजनाने खाली गेला पाहिजे. अडकला तर ग्रीसला दोष देत बसू नये, स्लीव्ह काढून मोजावी. व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. काहीशे किलोमीटरनंतर टॉर्क तपासावा, आणि त्याच वेळी बुशची कड व ब्रॅकेटचा कान यांच्यात 0.1 मि.मी.चे फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकते का, हेही पाहावे.