गड उतरल्यावर मांड्या का भरून येतात

रोज जिमला जाणारी माणसंसुद्धा रविवारी सिंहगड करून आली की मंगळवारी जिना उतरताना कठडा धरतात, आणि मग म्हणतात अरे मी तर रेग्युलर आहे मग असं का. कारण चढणं नाही, उतरणं. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन पेलत असतो, त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं लगेच नाही, 24 ते 72 तासांत सगळ्यात जास्त जाणवतं. लॅक्टिक अ‍ॅसिड साठलं असं सगळे सांगतात पण ते तर तास-दीड तासात निघून जातं हो, दोन दिवसांनी त्याचा काय संबंध?

म्हणून ट्रेकच्या आठ-दहा दिवस आधी एकदा तरी जिन्याच्या पायरीवर उभं राहून एक पाय हळूहळू, मनात तीन मोजत, खालच्या पायरीला टेकवायचा, परत वर. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, दोन सेट. एवढ्यानेही स्नायू सरावतो आणि पुढच्या वेळी बरंच कमी दुखतं, हे मी स्वतः करते.

दुखायला लागलंच तर झोपून राहू नका, सपाटीवर वीस मिनिटं चाला, मोकळं वाटतं. जोरात स्ट्रेचिंग नको. मात्र लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली किंवा पाय खूप सुजला तर घरी थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.